पहिल्या वर्षाचं ओझं पदवीच्या वर्गावर कशाला?

सीजीपीए म्हणजे निव्वळ गणित, त्यात जात-धर्म येतो कुठे, असं मला वरचेवर ऐकवलं जातं. गणिताला धर्म नसतो, कबूल. पण सरासरी कशाकशाची काढायची हे गणित ठरवत नाही. ते विद्या परिषदेत बसलेली माणसं ठरवतात, आणि त्यांना जाब विचारता येतो.

हिशेब साधा आहे. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले त्यातला ग्रेड पॉइंट, त्यांची बेरीज भागिले एकूण क्रेडिट: हा सेमिस्टरचा एसजीपीए. सगळ्या सेमिस्टरांना मिळून तोच हिशेब केला की सीजीपीए. म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं एक क्रेडिट आणि सहाव्याचं एक क्रेडिट सारख्याच वजनाचं.

आता मालेगावची, भिवंडीची किंवा नागपूरच्या मोमिनपुऱ्यातली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. बारावीपर्यंत इतिहास, अर्थशास्त्र सगळं उर्दूत. कॉलेजात पाऊल टाकलं की तेच विषय इंग्रजीत, नाहीतर मराठीत. विषय येतो, पण उत्तर लिहिता येत नाही. समजा तिचे सहा सेमिस्टरचे आकडे असे आहेत: ५.८, ६.४, ७.६, ८.६, ९.० आणि ९.१. क्रेडिट सारखे धरले तर सीजीपीए ७.७५. तिच्या शेजारच्या बाकावरचा, पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा ८.७ वर सुरू होऊन उतरत उतरत ७.९ वर येतो: ८.७, ८.६, ८.४, ८.२, ८.०, ७.९. त्याचा सीजीपीए ८.३. शेवटच्या वर्षात ती त्याच्या एक पॉइंटाहून जास्त पुढे आहे. पदवीच्या कागदावर मात्र तो पुढे.

पूर्वीच्या वार्षिक पद्धतीत अनेक विद्यापीठांत वर्ग शेवटच्या एक-दोन वर्षांच्या गुणांवर ठरायचा. ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत आजही पहिलं वर्ष नुसतं पास व्हायचं असतं. ऑनर्सचा वर्ग पुढच्या वर्षांवर ठरतो आणि शेवटच्या वर्षाला बहुधा जास्त वजन असतं. सेमिस्टर आणि क्रेडिट आल्यावर आपण ही समज टाकून दिली. तिचे तोटे कुणाला होतील, याची चर्चा मी कुठे ऐकली नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने हा प्रश्न आणखी टोकदार केलाय. आता ऑनर्स म्हणजे मुख्यतः चौथं वर्ष. पण 'ऑनर्स विथ रिसर्च' हवं असेल तर यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएचडीला जायचं तरी ७५ टक्के 'किंवा त्याच्या तोडीची श्रेणी'. ही तोड कशी काढायची? दहाने गुणलं तर ७.७५ चे होतात ७७.५ टक्के. सीबीएसईने दहावीसाठी दिलेला ९.५ चा गुणक काही ठिकाणी सरसकट वापरतात, त्याने होतात ७३.६. तंत्रशिक्षणासाठी एआयसीटीईचा तक्ता आहे, त्यात ८.२५ ला ७५ टक्के धरतात. त्या मापाने आपली मुलगी ७० वर येते. मुलगी तीच, पेपर तेच. सूत्र बदललं की संशोधनाचं दार उघडतं किंवा बंद होतं. निदान आपलं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापायला विद्यापीठाला काय हरकत आहे?

पहिल्या वर्षाचं वजन कमी केलं तर मुलं टवाळक्या करतील, दर्जा घसरेल, असं गुणवत्तावाले म्हणतील. वजन निम्मं करा म्हणतोय, शून्य नव्हे. नापास झालं तर पुढचं अडतंच. आणि पदवी म्हणजे तीन वर्षांअखेर तुम्हाला काय येतं याचा दाखला असेल, तर अठराव्या वर्षी कुठल्या भाषेत अडखळलात याची नोंद त्यात मिसळायची कशाला? हा फायदा फक्त आपल्यालाच मिळणार नाही. आश्रमशाळेतून आलेल्या, खेड्यातल्या मराठी शाळेतून सायन्सला गेलेल्या मुलांचंही हेच दुखणं आहे. म्हणून ही मागणी सवलतीची नाही, आणि तशी ती कुणी मांडूही नये.

आपल्या लोकांनाही दोन शब्द. सच्चर समितीने २००६ साली सांगितलं की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा डिप्लोमा असलेले ४ टक्क्यांहूनही कमी आहेत. तो आकडा आपल्या प्रत्येक जलशात ऐकायला मिळतो. पण आपल्या विद्यापीठाचा परीक्षा अध्यादेश वाचलेला वक्ता मला अजून भेटायचाय. पीएचडी प्रवेशाच्या गुणांत ओबीसींना ५ टक्के सूट आहे. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन घरातली किती मुलं जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर वेळेत काढतात? मौलवीसाहेब आणि नेतेमंडळी यांपैकी कुणी हे मोहल्ल्यात सांगत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून जातात. त्यासाठी पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवावं लागतं. तुमच्या कॉलेजातून गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्या मुला-मुलींची यादी काढा आणि त्यातल्या किती जणांचं नाव त्या मतदार यादीत आहे ते पाहा. नसेल त्यांचे अर्ज आधी भरा. पहिल्या वर्षाच्या वजनाचा आणि टक्क्यांच्या सूत्राचा ठराव मांडायला अधिसभेत माणूस लागेल.