जनरेटर किती शक्तीचा घ्यावा?

शेताच्या विजेचा भरंवसा नसल्यानें किल्लारीच्या बाजूस लहान, फिरते जनरेटर घेण्याकडे पुष्कळ शेतकऱ्यांचा कल आहे. ही खरेदी बहुधा मोटारीवरील अश्वशक्तीचा आंकडा पाहून होते, व तेथेंच चूक होते, असें आमचें मत आहे.

हें आम्ही स्वतः ठेंच खाऊन शिकलों. आमच्या बोअरवर तीन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार आहे. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट, तिहींचे २,२३८. जनरेटर ३ केव्हीएचा. केव्हीएस सामान्यतः ०.८ नें गुणिलें म्हणजे किलोव्हॅट निघतात. ते आले २.४. उभी नोकरी जमाबंदीच्या बेरजा करण्यांत गेलेली, त्यामुळें हिशेब जुळल्याचा आम्हांस मोठा आनंद झाला! स्टार्टर दाबतांच मोटार नुसती घुमली व जनरेटर बंद पडला. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच हट्ट केला, आणि मोटारीचें वाइंडिंग जळालें. वांगीं पाण्यावांचून वाळलीं तीं निराळींच.

आमच्या हिशेबांत दोन रकमा सुटल्या होत्या. २,२३८ वॅट ही मोटार पंपास देते ती शक्ति. ती स्वतः घेते ती पुष्कळ अधिक, कारण कांहीं भाग उष्णतेंत जातो. दुसरी रक्कम याहून मोठी. सुरू होतांना मोटार क्षणभर नेहमींच्या पांच-सहापट प्रवाह ओढते. म्हणून थेट सुरू होणाऱ्या मोटारीस दर अश्वशक्तीमागें अडीच ते तीन केव्हीए धरावे. तीन अश्वशक्तीस साडेसात ते नऊ, पांचास साडेबारा ते पंधरा.

आतां पंधरा केव्हीएचें यंत्र हातानें ओढण्याजोगें नव्हे, व एकट्यानें घेण्याजोगेंही नव्हे. बांधास बांध लागलेल्या चार खातेदारांनीं तें मिळून घ्यावें, किंवा ट्रॅक्टरवर चालणारा आल्टरनेटर पाहावा. घरासाठीं मात्र मोठें यंत्र ही उधळपट्टी होय. ९ वॅटचे चार दिवे, ७५ वॅटचे दोन पंखे व १०० वॅटचा दूरदर्शन संच मिळून ३०० वॅटही भरत नाहींत. १ केव्हीए पुरे.

१९९३ च्या भूकंपानंतर आमच्याकडे दगडमातीचीं घरें जाऊन सिमेंटचीं बंदिस्त घरें आलीं. पावसाची झड लागली तरी अशा घरांत जनरेटर चालवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडास वास नसतो, व झोपलेला माणूस जागा होत नाहीं. घराच्या तारांस जोडण्यापूर्वीं चेंजओव्हर स्विचही बसवावा, नाहींतर आपल्या जनरेटरची वीज उलट खांबावर जाऊन तेथें काम करणाऱ्या वायरमनाच्या जिवावर बेतते.