थॉर्नडाइकची मांजर आणि आमची पोरं

गेल्या आठवड्यात आमच्या घरी एक लहानसं युद्ध झालं. नातीने जाहीर केलं की ती बीएला मानसशास्त्र घेणार आणि पुढे शिक्षिका होणार. झालं! सगळे तिच्यावर तुटून पडले. एक जण म्हणाला, "वेड्यांची डॉक्टरीण होतेस का?" माझा भाचा म्हणाला, "मास्तरकीला कशाला लागतं मानसशास्त्र? मामांनी घेतलं होतं ना, त्यांनी काय दिवे लावले?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही. कारण प्रश्न बरोबर होता. (भाचा हे वाचतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहितो आहे.)

तर दिवे किती लावले, ते आधी सांगतो.

१९७०च्या सुमारास मी मराठी माध्यमातून बीए केलं. मानसशास्त्र हा एक विषय होता. पिंजऱ्यात कोंडलेली थॉर्नडाइकची भुकेली मांजर, बाहेर ठेवलेला मासा, 'प्रयत्न-प्रमाद' पद्धती... सगळं तोंडपाठ. पावलोवचा कुत्रा पाठ, कोहलरचा चिंपांझी पाठ. प्रात्यक्षिकात आम्ही अर्थहीन शब्दांच्या याद्या एकमेकांकडून पाठ करून घ्यायचो. पुढे बीएड केलं, तिथे पुन्हा तीच मांजर. एवढ्या वर्षांत एकदाही कोणी म्हणालं नाही की शेजारच्या शाळेत जा, एका मुलाजवळ तासभर बस आणि तो चुकतो कसा ते नुसतं बघ.

मग मी साकोली तालुक्यातल्या एका शाळेत गुरुजी झालो. १९८१ साली पाचवीत एक मुलगा होता. तोंडी हिशोबात असा पक्का की बाजारात दुकानदाराची चूक काढेल. पण वाचायला उभा केला की घाम फुटायचा. 'कमल'चं 'मकल' लिहायचा. मी काय केलं? छडी मारली. 'ढ' म्हणालो. वर्गापुढे उभं करून तेच चार शब्द पन्नास वेळा लिहायला लावले. दिवाळीनंतर तो आलाच नाही. मी हजेरीपटात लाल रेघ मारली आणि विसरलो.

वीस-बावीस वर्षांनी तो आठवडी बाजारात भेटला. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, हाताखाली दोन माणसं आहेत. वाकून नमस्कार केला आणि हसत म्हणाला, "गुरुजी, अक्षरं आजबी हालतेत जी."

मांजर पिंजऱ्यातून कशी सुटते हे मला पाठ होतं. मुलगा कुठे अडकला आहे ते दिसत नव्हतं.

आज कोणीही सांगेल की ही अध्ययन अक्षमता असू शकते. २००७ साली 'तारे जमीं पर' आला तेव्हा सगळ्या देशाला कळलं, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंदही झाली. पण म्हणून माझी सुटका होत नाही. नाव ठाऊक नसलं तरी बघता तर आलं असतं! हिशोबात हुशार असलेला मुलगा वाचनातच का अडतो, हा प्रश्न पडायला कुठलं नाव लागत नाही, बघायची सवय लागते. ती मला कोणी लावली नाही.

बुद्धिमापनाचंही तेच. आल्फ्रेड बिने आणि सिमोन यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली, ती कशासाठी? शाळेत कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल ते ओळखता यावं म्हणून. आपल्याकडे कामतांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. आणि आम्ही मास्तरांनी त्यातून उचललं काय? फक्त शिक्का. मदत शोधायचं साधन होतं, आम्ही त्याचा 'ढ' म्हणायचा दाखला केला.

तेव्हा भाचेबुवा, दिवे लागले नाहीत हे कबूल. पण दोष विषयाचा नाही, तो शिकवण्याच्या रीतीचा आहे. एकीकडे मानसशास्त्र, दुसरीकडे शिक्षणशास्त्र आणि मूल तिसरीकडेच, शाळेत! पदवी संपल्यावर घाईघाईने बीएड, त्यात जेमतेम काही पाठ आणि परीक्षेला 'अपेक्षित'. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला शिक्षक व्हायचं आहे त्याने हे दोन्ही विषय पदवीच्या पहिल्या वर्षापासून एकत्र शिकावेत आणि दर आठवड्याला एक दिवस खऱ्या शाळेत खऱ्या मुलांजवळ बसावं.

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत बारावीनंतरचे चार वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम जुनेच आहेत, आणि महाराष्ट्र त्यांच्याच क्षेत्रात येतो. दिल्ली विद्यापीठाने १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी चार वर्षांची पदवी सुरू केली, त्यात बालविकास हा मुख्य भाग होता. आता २०२०च्या शैक्षणिक धोरणाने म्हटलं आहे की २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक बीएड हीच किमान पात्रता व्हावी. चांगलं आहे. पण मला धास्ती वाटते ती गाईडवाल्यांची. शिक्षक पात्रता परीक्षेत १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला आहेत. त्या तीस गुणांसाठी पोरं पियाजेच्या चार अवस्था घोकतात. उद्या चार वर्षं तेच घोकलं तर मांजर तीच, पिंजरा फक्त मोठा.

आणि शिकायचं ते इथलं मूल शिका. आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी लागली की वर्ग रिकामे होतात. मोह वेचायचे दिवस आले की पोरं पहाटेच रानात. पुस्तक याला 'अभिप्रेरणेचा अभाव' म्हणेल. अहो, पहाटे चारला उठून टोपलीभर मोह वेचणाऱ्या पोराला अभिप्रेरणा नाही म्हणता? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला काय केलं ते आठवा. मुलं गुरं चारायला जातात म्हणून त्यांना आळशी ठरवलं नाही, शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा! मला विचाराल तर मानसशास्त्राचं याहून चांगलं प्रात्यक्षिक नाही.

भाषेचंही तसंच. झाडीबोलीत 'ण' नाही. पोरगं घरी ऐकतं तसं 'पानी' म्हणतं आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या वहीवर लाल फुली पडते. त्या फुलीतून ते शुद्धलेखन शिकत नाही. आपली आई चुकीचं बोलते, एवढंच शिकतं. मीही अशा फुल्या मारल्या आहेत, शेकड्याने. आधी पोराचं 'पानी' ऐकून घ्यावं, मग 'पाणी' शिकवावं. हे कळायला पदवीच्या काळात महिनाभर एखाद्या पहिलीच्या वर्गात बसणं पुरे.

आता पोटापाण्याचा मुद्दा. तो मी झटकत नाही. या जिल्ह्यात डीएड होऊन वर्षानुवर्षं भरतीची वाट पाहिलेली, शेवटी शेतीला लागलेली मुलं मी पाहिली आहेत. चार वर्षं देऊन पुन्हा तेच झालं तर? याला माझ्याकडे हमखास उत्तर नाही. एवढं मात्र सांगतो, गरज खोटी नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. आता मोजा आपल्या तालुक्यातल्या शाळा! आणि शंभराच्या आतल्या शाळांत तर गुरुजीच समुपदेशक. त्यालाच मूल वाचता येत नसेल तर पोरांनी जायचं कुठे?

असो. बरंच लांबलं. नातीला मी हो म्हटलं आहे, पण एका अटीवर. मांजर पाठ करायचीच, परीक्षेला लागते. पण दर शनिवारी गावच्या जिल्हा परिषद शाळेत जायचं आणि एका मुलाबद्दल वहीत एक पान लिहायचं. संध्याकाळी ते मला वाचून दाखवायचं.

मला अजून पुष्कळ शिकायचं राहिलं आहे.