बैलाचे दात मोजता, मायबापाचे कधी मोजणार?

शेतकरी बंधूंनो, बैलबाजारात जोडी घ्यायला गेलो की आपण आधी काय पाहतो? रंग, शिंगे, खांदा हे सगळे नंतर. आधी जबडा उघडून दात. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, हे पाहिल्याशिवाय कोणी भाव बोलत नाही. दात झिजलेले जनावर चारा पुरता चावत नाही, रवंथ नीट करत नाही आणि गव्हाणीत कडबा असूनही उतरत जाते, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. पण घरातल्या म्हाताऱ्या मायबापाच्या किती दाढा उरल्या, हे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना सांगता येणार नाही.

"वय झालं, दात पडायचेच," असे म्हणून आपण विषय संपवतो. खरे म्हणजे तो तिथूनच सुरू होतो. दाढा गेल्या की ज्वारीची भाकर सुटते. फुटाणे, शेंगदाणे, मुळा, पेरू, मटण सुटते. उरते काय? नरम भात, चहात बुडवलेली पोळी, टोस्ट अन् बिस्किटे. पोट भरते, म्हणून घरच्यांना वाटते की म्हातारा बरा जेवतो. पण चोथा नसलेले हे अन्न लवकर पचून रक्तातली साखर भरभर वाढवते. प्रथिने कमी पडली की मांडी-दंडाचे मांस झडते, आणि जेवणानंतरची साखर जिरवण्याचे मोठे काम याच मांसाचे असते. साखर आटोक्याबाहेर गेली की हिरड्या सुजतात, दात हलतात, आणखी दोन दाढा जातात. असे हे रहाटगाडगे आहे.

नुसते दात गेले म्हणून मधुमेह होतो, असे मात्र कोणी समजू नये. गरिबी आणि तंबाखू यांचा हात दोन्हीकडे असतो. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण आपल्या विदर्भातल्या पानठेल्यांवरचा खर्रा काही सुटला नाही. सुपारीने तोंड आतून ताठ होत जाते, उघडेनासे होते. मग दात शाबूत असूनही घास जात नाही.

उपाय तुमच्या गोठ्यातच आहे. जनावराला लांब कडबा खाववत नाही तेव्हा आपण कुट्टी करतो. चारा तोच, तुकडे लहान. म्हाताऱ्यांचेही तसेच करा. भाकर बंद करू नका, वरणात किंवा ताकात कुस्करून द्या. पालेभाजी बारीक चिरून डाळभाजी करा. शेंगदाण्याचा कूट, जवसाची चटणी, शिजवलेले मोडाचे मूग, चालत असेल तर अंडे द्या. काटोल-नरखेडच्या संत्र्याचा रस काढण्यापेक्षा फोडी सोलून द्या. ज्यांना साखरेचे औषध सुरू आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

आता सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती. उपकेंद्रात तीस वर्षांवरील लोकांची रक्तदाब, साखर आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी होते. तोंड उघडलेच आहे, तर "भाकर चावते का?" एवढा एक प्रश्न तिथे विचारला जावा. २०१७ सालच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील साठ वर्षांवरील व्यक्तींना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर दाताची कवळीही देण्याची तरतूद आहे. काठी-चष्म्याची मागणी होते, कवळी मागायला म्हातारी माणसे लाजतात. ग्रामसभेत हे वाचून दाखवा, गरजूंची यादी करा. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. मेडिकलला जाणाऱ्या माणसाला तिथवर नेणे अवघड नाही.

जपानने १९८९ साली ऐंशीव्या वर्षी वीस दात शाबूत ठेवण्याची मोहीम देशभर सुरू केली. आपण एवढी मोठी उडी नाही घेतली तरी चालेल. पोळ्याला बैलाचे खांदे शेकतो, त्याच दिवशी मायबापाजवळ बसून एवढेच विचारा, की कोणता घास आता चावत नाही? उत्तर ऐकल्यावर दवाखान्याचा दिवस मात्र लगेच ठरवा.