‘व्यक्ती’ नव्हे, बाळंतीण!

ब्रिटनच्या पार्लमेंटात २०२१ साली एका शब्दावरून चांगलेच रण माजले. मंत्रिपदावरील स्त्रीला बाळंतपणाची पगारी रजा देणारे ते विधेयक. सरकारी मसुद्यात ‘गरोदर व्यक्ती’ असे होते. उमरावांच्या सभागृहाला ते रुचले नाही. अखेर कायद्यात ‘माता’ हा शब्द आला.

मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्दच स्त्रीलिंगी, म्हणून आम्हाला या वादाचे हसू यावे. पण प्रश्न व्याकरणाचा नाही. कायद्यातला शब्द कोणाला आत घेतो आणि कोणाला दाराबाहेर ठेवतो, हा आहे.

आपला १९६१ चा प्रसूती लाभ कायदा सरळ ‘स्त्री’ म्हणत असे. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. त्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामाला लावण्यास मनाई आहे. ही मनाई तिचे शरीर सावरावे म्हणून. तेथे ‘स्त्री’ हाच शब्द हवा. अंगावरचे रक्त गेलेली बाळंतीण ‘पालक’ या मोघम शब्दात हरवेल.

मूल सांभाळणे मात्र एकट्या आईचे काम नव्हे. तरीही केंद्र सरकारच्या नियमांत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा महिलांना आणि एकल पुरुषांनाच आहे. इतर बापांना पितृत्व रजेचे १५ दिवस. खासगी नोकरीतल्या बापाला तर देशव्यापी कायद्याने एक दिवसही नाही. जेथे ‘पालक’ हवा, नेमका तेथेच तो नाही. आणि दुसऱ्याच्या शेतात राबणारी आमची मजूर बाई? शब्द ‘स्त्री’ असूनही ती या रजेच्या बाहेरच.

सीमाभागात शब्दाचा आणखी एक पेच आहे. कर्नाटकात गरोदर बाईला ‘तायी कार्ड’ मिळते. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आमच्या घरी ताई म्हणजे थोरली बहीण. एवढ्यावर हसून सोडता येईल. पण गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. कार्डावरची ती नोंद खानापूर-निपाणीकडच्या सुनेला उमगली नाही, तर हसू उरणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. बाळंतपणाच्या जागी बाई म्हणा, संगोपनाच्या जागी पालक म्हणा, आणि जे म्हणाल ते तिला वाचता येईल अशा भाषेत छापा.