कळसूत्री चेहरा

दूरच्या माणसाशी बोलताना त्याचा चेहराही दिसावा, ही माणसाची जुनी इच्छा आहे. व्हिडिओ कॉलने ती पुरी केली खरी. परंतु जेथे इंटरनेटचा वेग मंद असतो, तेथे चित्र थिजते आणि आवाजही तुटतो. यावर एक उपाय निघाला आहे. खऱ्या चेहऱ्याऐवजी त्याच्याप्रमाणे हालणारे चित्र दाखवावयाचे. या चित्राला जगभर ‘अवतार’ असेच म्हणतात.

त्यातील युक्ती कळसूत्री बाहुलीसारखी आहे. सूत्रधार क्षणोक्षणी नवी बाहुली आणीत नाही. तो केवळ दोऱ्या हलवतो. व्हिडिओत दर सेकंदाला सुमारे ३० चित्रे पाठवतात. बिट म्हणजे संगणकाच्या भाषेतील लहानात लहान खूण; या चित्रांना अशा काही लाख खुणा लागतात. अवताराचे चित्र मात्र पलीकडच्या यंत्रात आधीच तयार असते. कॅमेरा ओठ, भुवया व पापण्या यांची हालचाल टिपतो आणि तेवढ्याच सूचना धाडल्या जातात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमपेग-४’ या आंतरराष्ट्रीय मानकात चेहऱ्यासाठी अशा ६८ सूचना ठरवल्या आहेत. त्यांना सेकंदाला दोन-तीन हजार बिट पुरतात.

‘नुसता आवाज ऐकू आला तर काय बिघडले?’ असे कोणी विचारील. पण ऐकणाऱ्याने मान डोलावली, भुवई उंचावली, की बोलणाऱ्याला हुरूप येतो. डोंगरातील वस्तीला किंवा समुद्रावरील खलाशाला एवढेही सुख थोडे नव्हे. म्हणून हा उपाय स्वागतार्हच आहे.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. त्या ६८ सूचनांत अश्रूंना जागा नाही. उतरलेल्या रंगालाही नाही. आजारी आजोबांनी कष्टाने हसून ‘मी बरा आहे’ म्हटले, तर अवतारही हसेल. त्यांचा फिकट चेहरा मात्र नातवाला दिसणार नाही. बाहुलीच्या आड दुसराच कोणी बसला, तर तेही सहजी कळणार नाही.

म्हणून अवतार वापरणाऱ्याने तसे आरंभीच सांगावे. मार्ग अरुंद असेल, तर आवाजाला प्रथम वाट द्यावी. आणि जेथे प्रकृतीची विचारपूस करावयाची असेल, तेथे एक तरी खरे छायाचित्र मागून घ्यावे. ते हालत नसले, तरी त्या माणसाचेच असते.