जुना लॅपटॉप, हलका फंडा!

लकडगंजच्या टिंबर मार्केटमध्ये कुणालाही विचारा, जुनं सागवान कुणी फेकत नाही. रंधा मारला की नवं दार तयार! मग तुमचा आठ-नऊ वर्षांचा लॅपटॉपच भंगारात का जावा, बॉस?

प्रॉब्लेम माहीत आहेच. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे मशीन ठणठणीत, पण एन्ट्री बंद.

यावर एक हलका उपाय आहे, क्रोम ओएस फ्लेक्स. गूगलने क्रोम ओएसची घोषणा केली २००९ मध्ये. फंडा साधा: सगळं काम ब्राउझरमध्ये, फाइल्स कंपनीच्या सर्व्हरवर, लॅपटॉपवर ओझं कमी. पण त्यासाठी क्रोमबुक विकत घ्यावं लागायचं. न्यूयॉर्कची नेव्हरवेअर ही कंपनी हाच प्रकार जुन्या मशीनवर चालवून दाखवत होती. २०२० मध्ये गूगलने तीच विकत घेतली आणि २०२२ मध्ये फ्लेक्स सगळ्यांसाठी आणलं, तेही फुकट. इंटेल किंवा एएमडीचा ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १६ जीबी जागा, एवढं पुरतं.

पण थांबा! आधी आपल्या दिवसभराच्या कामांची यादी करा. मेल, एक्सेलसारख्या शीट्स, व्हिडिओ मीटिंग, जीएसटी पोर्टल उघडणं, हे सगळं ब्राउझरमध्ये होतं. टॅली मात्र विंडोजचं सॉफ्टवेअर. ते इथं थेट बसत नाही. एकट्या मालकाचं रिटर्न ओटीपीवर भरता येतं, पण कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सिग्नेचर लागते आणि तिच्या यूएसबी टोकनचं सॉफ्टवेअर इथं अडतं. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला हे कळलं तर लेट फी आपल्याच खिशातून! त्यामुळे हिशेबाच्या टेबलावर एक विंडोज मशीन राहू द्या. आणि हो, फ्लेक्सवर प्ले स्टोअरची ॲप्स चालत नाहीत.

ट्राय करणं एकदम सोपं. ८ जीबी किंवा मोठा, रिकामा पेनड्राइव्ह घ्या, क्रोममधल्या क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटीने त्यावर फ्लेक्स उतरवा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. चार दिवस वापरून वायफाय, कॅमेरा, आवाज, प्रिंटर सगळं तपासा. गूगलच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का आणि त्याचा सपोर्ट कोणत्या वर्षापर्यंत आहे, तेही बघा. पटलं तरच इन्स्टॉल करा, कारण तेव्हा अख्खी डिस्क पुसली जाते. बॅकअप आधी, हौस नंतर!

शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं. इथं तुमचं ऑफिस लॅपटॉपमध्ये नसतं, एका गूगल अकाउंटमध्ये असतं. फुकटची जागा १५ जीबी, त्यातच मेल आणि फोटोही. पासवर्ड गेला तर कुलूपही गेलं आणि दुकानही. म्हणून टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, रिकव्हरीचा मोबाइल नंबर चालू ठेवा, महत्त्वाच्या फाइल्सची एक कॉपी हार्ड डिस्कवर काढा. नेट गेलं तरी काम चालावं म्हणून ऑफलाइनची सोय आधीच सुरू करून ठेवा.

एवढं केलंत की नव्या लॅपटॉपचे पैसे वाचले समजा. मग रविवारी तर्री-पोहे तुमच्याकडून!