गावात अनोळखी कोण?

खानदेशात नवा तरुण दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'कोना पोऱ्या शे रे तू?' बापाचे नाव कळले की आडनाव, गाव, जात, मामाचे घर हे सारे ओघाने कळते. अशा मुलखात 'जवळपासची अनोळखी व्यक्ती शोधून देतो' असे सांगणारी ॲप आता खिशाखिशात आहेत. टिंडर २०१२ साली अमेरिकेत सुरू झाले, बम्बल २०१८ च्या अखेरीस भारतात आले. आज जळगावच्या महाविद्यालयांत किंवा धुळ्याच्या देवपुरात ही नावे कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. लग्नाचा विषय न काढता चार भेटी, सहवास, जमले तर शरीरसंबंध, नाही तर आपापली वाट, असा हा व्यवहार. आपल्या भाषेत त्याला स्वच्छ शब्दच नाही. 'लफडे', 'भानगड', 'प्रकरण'... जे आहेत ते सगळे फिर्यादीतले.

संस्कृती बुडाल्याची ओरड करणे सोपे आहे. मला त्यात रस नाही. सज्ञान स्त्री-पुरुषांनी संमतीने एकत्र येणे हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ साली सांगितले आहे. मला अडचण दिसते ती वेगळी. ही ॲप ज्या महानगरांच्या हिशेबाने बांधली गेली, तिथे शेजारच्या इमारतीतला माणूस जन्मभर अनोळखी राहू शकतो. आपल्याकडे तो दुपारपर्यंतही राहत नाही.

ॲप मोबाइलवरून तुमचे ठिकाण घेते आणि समोरच्याला फक्त अंतर सांगते : दोन किलोमीटर, पाच किलोमीटर. अंतरावरून पत्ता कळणार नाही, अशी त्यामागची कल्पना. पण २०१४ साली संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी उघड केले की टिंडरची यंत्रणा पडद्याआड हे अंतर नको तितके अचूक पुरवत होती. तीन जागांवरून तीन अंतरे घेतली आणि तीन वर्तुळे काढली की ती छेदतात तिथे माणूस सापडे. तो दोष पुढे दुरुस्त झाला. जळगावात मात्र एवढ्या भूमितीची गरजच नाही. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती साधारण ४ लाख ६० हजार, धुळ्याची पावणेचार लाख. 'दोन किलोमीटर', महाविद्यालयाचे नाव आणि फोटोत मागे मेहरूणचा तलाव, एवढ्यावर मुलगी कुणाची हे चहाच्या टपरीवर ठरते.

म्हणून इथे चेहरे लपतात. मुली एक तर येत नाहीत, नाही तर फुलाचे चित्र लावून येतात. मुले खोटे नाव घेतात. कुणी अंतराची मर्यादा शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतो; ती सुमारे १६० किलोमीटर असल्याने जळगावच्या मुलाला धुळ्याची मुलगी दिसते आणि शहाणी माणसे 'जवळपास'चा अर्थ 'पुरेसे लांब' असा लावतात. जिथे प्रामाणिक माणसालाही तोंड झाकावे लागते तिथे भामट्याला वेगळा मुखवटा लागत नाही. बरे, भेटायचे कुठे? लॉजच्या काउंटरवर आधार कार्ड द्यावे लागते, आणि पोलिसांची धास्ती वेगळीच. मुंबईसारख्या शहरात ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून सज्ञान जोडप्यांना ठाण्यात नेले होते. मग जिल्ह्याच्या ठिकाणी कुणाची हिंमत व्हावी?

जळगावला या भीतीचा जुना इतिहास आहे. १९९४ साली इथले वासनाकांड राज्यभर गाजले. मुलींना जाळ्यात ओढायचे, छायाचित्रे काढायची आणि ती दाखवून पुन्हा पुन्हा बोलवायचे, अशी ती पद्धत होती. चर्चा शेकड्यांची होती, प्रत्यक्ष तक्रार देणाऱ्या मुली मोजक्या. उलट जळगावची मुलगी म्हटले की स्थळे जास्त चौकशी करू लागली. बदनामी आरोपींच्या वाट्याला कमी आणि मुलींच्या वाट्याला जास्त आली. तेव्हा इंटरनेट नव्हते, मोबाइल नव्हता. एक कॅमेरा आणि गप्प बसणारे गाव पुरले.

बँकेत आम्ही कर्ज देताना तारण पाहत असू. धमकावणारा अब्रूलाच तारण धरतो, आणि या तारणाची गंमत अशी की कर्ज घेतलेलेच नसते, हप्ते मात्र सुरू होतात. नव्वदीनंतर वर्तमानपत्रांत 'मैत्री क्लब'च्या छोट्या जाहिराती येत. नोंदणी शुल्क म्हणून लोक अमुक खात्यात दोन-तीन हजार भरत. पुढे फोन लागत नसे. स्लिप भरणाऱ्याचा चेहरा मी काउंटरच्या आतून पाहिला आहे. पैसे बुडाले म्हणून एकानेही माझ्याकडे तक्रार केली नाही.

आता रकमा मोठ्या आहेत. व्हिडिओ कॉल येतो, पलीकडे स्त्री दिसते, पडदा ध्वनिचित्रमुद्रित होतो आणि फेसबुकवरच्या नातेवाइकांची यादी समोर ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी तोतया पोलिसाचा फोन. समलिंगी पुरुषांचे हाल तर अधिक. कलम ३७७ च्या बेडीतून त्यांची ६ सप्टेंबर २०१८ ला सुटका झाली, तरी ॲपवर ओळख काढून, भेटायला बोलावून लुटल्याच्या घटना अनेक शहरांतून येत राहिल्या. कायद्याची भीती गेली तरी घरी कळण्याची भीती शाबूत होती आणि लुटारूंना तेवढी पुरते.

यात जिल्ह्याचे एक जुने पाप मिसळणार आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे साडेआठशे मुलीही नव्हत्या. ती मुले आता अठरा-वीस वर्षांची होत आहेत. ॲपवर मुलग्यांची झुंबड आणि मुलींची वानवा तशी सगळीकडेच असते. इथे ती गर्भातच ठरली. हातावर हात धरून बसलेल्या या पोरांना कुणी गोड बोलले तर ती किती चौकशी करतील?

फसवणुकीत पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचे असते. पैसा पुढच्या भाड्याच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला तो रोखता येतो, पण त्याला अवधी तासांचा असतो, दिवसांचा नव्हे. नोकरीत असलेले माझे सहकारी सांगतात, माणसे येतात ती तीन-चार दिवसांनी. आणि पैसे कशापायी गेले म्हणून विचारले तर खाली मान घालून सांगतात, 'मित्राला पाठवले होते, साहेब, चुकून दुसऱ्याला गेले.'